गाण्याच्या ग्रुपचा वर्धापनदिन करताय? आधी भाषणं कापा

महिन्याला शास्त्रीय गाण्याची एक बैठक करणारे छोटे ग्रुप आता बऱ्याच ठिकाणी आहेत, कुणाच्या घरी नाहीतर सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, आणि वर्ष भरत आलं की सगळ्यांनाच काहीतरी मोठं करायची हुक्की येते. करा की, पण त्या दिवशी नेमकं गाणंच मागे पडतं. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ, आणि तिकडे आत मगाशी लावून ठेवलेल्या तंबोऱ्यांचा सूर उतरत बसतो. म्हणून पहिलं काम, बोलण्याला एकूण दहा मिनिटं, त्यात सगळं बसवा.

आता वेळ ठरवा आणि हॉल त्यानंतर बघा, उलटं नको. लाऊडस्पीकर रात्री १० ला बंद करायचा नियम आहे, बंदिस्त सभागृहात सूट असते पण हॉलवाले स्वतःच साडेनवाला किल्ल्या वाजवायला लागतात. संध्याकाळी साडेसहाला सुरू केलंत तर मारवा, पूरिया, यमन असे संध्याकाळचे राग ऐकून घरी, रात्री उशिराचे दरबारी-मालकंस कुणी निवांत गाणारच नाही. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सवसुद्धा (१९५३ पासूनचा, मुळात भीमसेन जोशींच्या गुरूच्या पुण्यतिथीचाच उत्सव) एकेकाळी रात्रभर चालायचा, तो या नियमामुळेच आटोपशीर झाला. माझं मत विचाराल तर रविवारची सकाळ घ्या. साडेसहाला ललत किंवा भैरव, मग तोडी, आणि दहाच्या सुमारास, दुपारच्या सारंगाची वेळ व्हायच्या आत उठा. हॉल सकाळी स्वस्त पडतो, ट्रॅफिक नाही, आणि इतक्या लवकर उठून येणारा माणूस ऐकायलाच येतो.

कलाकार दोनच. चार-पाच जणांना बोलावून प्रत्येकाला वीस मिनिटं देणं म्हणजे कुणाचाच विलंबित (संथ लयीतला) ख्याल धड होत नाही. ग्रुपमध्ये वर्षभर गायलेल्या एखाद्या तरुणाला पहिला पाऊण तास द्या, नंतर मुख्य कलाकाराला दीड तास मोकळा सोडा. फोनवर तारखेसोबतच पट्टी (पेटीच्या कुठल्या स्वराला सा धरून गातात ते) विचारून घ्या, कारण एक जण काळी एक मध्ये गाणारा आणि दुसरी काळी चार मध्ये गाणारी असेल तर तबलजीला दोन तबले आणायला लागतात आणि हे त्याला आदल्या रात्री कळून उपयोग नाही. मानधनही तेव्हाच स्पष्ट बोला, साथीदारांचं वेगळं, जाण्यायेण्याचं वेगळं. "आपलाच कार्यक्रम आहे" हे वाक्य कलाकाराने म्हणायचं असतं, आपण नाही.

खर्च कशावर करायचा तर साऊंडवर. फुलांच्या कमानीचे पैसे वाचवा आणि बैठकीचं गाणं ज्याने आधी केलंय असा साऊंडवाला आणा, नाहीतर वरातीवाला येतो आणि एको लावून ठेवतो, बायाँ (तबल्याचा डावा) असा घुमतो की बोल कळत नाहीत. त्याला तीन गोष्टी सांगा: एको बंद, तंबोऱ्याला स्वतंत्र माईक, आणि गायकाच्या मॉनिटरमध्ये (त्याच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमध्ये) तंबोरा पुरेसा. साऊंडचेकला तासभर तरी हवा. एसी असेल तर तो श्रोते यायच्या बराच आधी सुरू करा, आयत्या वेळी लावला की गार हवेत तबला आणि तंबोरा दोन्ही बोंबलतात आणि पहिली पंधरा मिनिटं नुसती हातोडीची टकटक.

स्टेज बुटकं ठेवा, समोर गाद्या आणि लोड, मागे खुर्च्या ज्येष्ठांसाठी आणि गुडघेवाल्यांसाठी (म्हणजे आता आपल्यातले निम्मे).

तिकीट लावायचं की नाही यावर भांडणं होतातच. माझ्या मते थोडं तरी लावा, फुकट म्हटलं की येतो म्हणणारे येत नाहीत. मात्र भावगीतं वगैरे ठेवणार असाल तर हक्कांचं बघून घ्या, गीतकार-संगीतकार जाऊन ६० वर्षं झाली नसतील तर जाहीर कार्यक्रमाला लायसन्सचा प्रश्न येऊ शकतो. जुन्या पारंपरिक बंदिशींना ही कटकट नाही.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर कलाकाराला आधी विचारा, आणि युट्यूबवर टाकायचं असेल तर तेही वेगळं विचारा, एक हो म्हणजे दोन्ही हो नाही. चहा मध्यंतरात, हॉलच्या बाहेर. आभारही तिथेच उरकून टाका, कारण शेवटी भैरवी (मैफल संपवायचा राग) झाल्यावर कुणी माईक घेऊन "दोन मिनिटं बसून राहा" म्हणालं की अर्धा हॉल चपला शोधत असतो.