शारीरिक दिव्यांग विद्यार्थ्याची वर्गातील सोय कशी करावी

व्हीलचेअर, कुबड्या किंवा कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) वापरणारा विद्यार्थी वर्गात येणार असेल, तर आधी त्याच्याशी आणि त्याच्या पालकांशी सविस्तर बोलून घ्यावे. वैद्यकीय अहवालात निदान असते. लिहिताना हात किती वेळात दमतो, स्वच्छतागृहात मदत लागते का आणि ती कोणाकडून घेतलेली त्याला चालते, हे त्यात नसते.

जागा त्याच्या पसंतीने ठरवावी, मात्र मित्रांपासून तुटलेला कोपरा देऊ नये. व्हीलचेअर पूर्ण वळवण्यासाठी सुमारे १.५ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. बाकांच्या मधली वाट बहुधा दप्तरांनीच अडते, म्हणून दप्तरे भिंतीलगत ठेवण्याची सवय सगळ्या वर्गाला लावावी.

सर्वाधिक लक्ष बैठकीकडे द्यावे. पाय लोंबकळत असतील, तर धड सावरण्यातच मुलाची शक्ती खर्च होते आणि अक्षर बिघडते. मग दोष हाताला दिला जातो. तळपाय टेकतील असा ठोकळा पायांखाली द्यावा आणि टेबल कोपराच्या उंचीला आणावे. एकच हात नीट चालत असल्यास कागद चिकटपट्टीने टेबलावर पक्का करावा. बोटांची पकड सैल असल्यास पेनावर रबरी नळी चढवून ते जाड करावे.

विज्ञानाच्या तासाला विज्ञानच तपासायचे असते, हस्ताक्षर नव्हे. त्यामुळे फळ्यावरचा मजकूर छापून द्यावा आणि उत्तरे तोंडी किंवा टंकलिखित स्वीकारावीत. परीक्षेत जादा वेळ दिला की काम झाले, असे सरसकट मानले जाते. परंतु ज्याचे स्नायू लवकर थकतात त्याला आणखी तासभर लिहायला लावणे ही सवलत नव्हे, त्याला मधली विश्रांती किंवा लेखनिक हवा. लेखनिकाला उत्तर सांगणे हेही कौशल्य आहे, त्याचा सराव वर्षभर चालू ठेवावा.

न विचारता व्हीलचेअर ढकलू नये आणि कुबड्या त्याच्या हाताबाहेर ठेवू नयेत. खेळाच्या तासाला त्याला केवळ गुण मोजायला बसवणे ही पळवाट आहे. नियम बदलून खेळात घ्यावे.

आग लागल्यास लिफ्ट वापरता येत नाही, हे लक्षात घेऊन वरच्या मजल्यावरून त्याला खाली कोण आणि कसे आणणार, हे लिहून ठेवावे आणि आगीतून बाहेर पडण्याच्या प्रत्येक सरावात त्याच्यासह करून पाहावे.