डोंगरातल्या नदीकाठी पक्षी कसे पाहावेत

जंगलात पक्षी बहुधा आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. खळाळत्या नदीकाठी मात्र कानांचा फारसा उपयोग होत नाही, कारण पाण्याच्या आवाजात बहुतेक हाका बुडून जातात. म्हणून इथे चालत राहण्यापेक्षा एका जागी बसून न्याहाळणेच अधिक फळते.

प्रथम जागा निवडावी. नदीच्या वळणावर, जिथून वरचा आणि खालचा असा दोन्हीकडचा प्रवाह दिसेल, असा पाण्यापासून जरा उंचावरचा कोरडा खडक उत्तम. ऊन पाठीशी घेऊन बसावे, नाहीतर पाण्याच्या चकाकीत पक्ष्याची नुसती काळी आकृती दिसते. पाणी अचानक गढूळ झाले किंवा त्यात काटक्या-पाला वाहून येऊ लागला, तर डोक्यावरचे आकाश निरभ्र असले तरी ताबडतोब वर चढावे. पाऊस डोंगरात कुठेतरी वर पडलेला असू शकतो.

बसल्याबरोबर दुर्बीण डोळ्यांना लावू नये. आधी प्रवाहातल्या दगडांवरून नुसती नजर फिरवावी. ज्या दगडावर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसतात, ती कुणाची तरी ठरलेली बैठक असते. दुर्बीण तिथे रोखून वाट पाहावी. 8 पट मोठे दाखवणारी, 42 मिमी भिंगाची दुर्बीण पुरते. 10 पटीची हातात अधिक हलते.

ओळख रंगापेक्षा लकबीवरून लवकर पटते. करडा धोबी लांब शेपटी सतत वरखाली करतो, तर खंड्या पाण्यावर झुकलेल्या फांदीवर बराच वेळ निश्चल बसतो. डिपर हा आखूड शेपटीचा गुबगुबीत पक्षी (जगात याच्या पाचच जाती आहेत) पाय दुमडून अख्खे अंग खालीवर करतो, मिचकावताना त्याची पांढरी पापणी चमकते, आणि पुढच्याच क्षणी तो वाहत्या पाण्यात शिरून तळाच्या दगडांमधल्या कीटकांच्या अळ्या टिपू लागतो. तो उडाला तर मागे धावू नये. प्रवाहाची वळणे धरून, पाण्यालगत उडत तो आपल्या हद्दीच्या टोकापर्यंत जातो आणि पुष्कळदा तिथूनच परततो.

पक्षी चोचीत खाऊ धरून बराच वेळ समोरच घुटमळत राहिला, तर आपण त्याच्या घरट्याच्या वाटेत बसलो आहोत असे समजावे आणि निमूटपणे दूरच्या खडकावर जावे.