स्टीलहेडच्या हंगामातील चुका : गळ टाकण्यापूर्वी पायाखाली पाहा

मार्च उजाडून अमेरिकेतील मिशिगन राज्यातील बर्फ वितळू लागला, की बॉल्डविन गावाजवळच्या पिअर मार्केट नदीवर गाड्यांची रांग लागते. लेक मिशिगनमध्ये वाढलेले स्टीलहेड अंडी घालण्यासाठी याच सुमारास नदीत चढतात. स्टीलहेड म्हणजे मोठ्या पाण्यात जाऊन परतणारा रेनबो ट्राउट. तो मूळचा पॅसिफिक किनाऱ्याचा असून मिशिगनमध्ये १८७० च्या दशकात आणला गेला. या नदीत त्याची पिल्ले बाहेरून आणून सोडली जात नाहीत, त्यामुळे येथे गळाला लागणारा स्टीलहेड बहुधा याच खडीतून जन्मलेला असतो. म्हणूनच खडीतील अंडी पायाखाली तुडवण्याची चूक मला सर्वांत जास्त खुपते.

मादी कुशीवर होऊन शेपटीने खडी उकरते, खड्ड्यात अंडी घालते आणि वरच्या बाजूची खडी उडवून ती झाकते. शेवाळ निघून गेल्याने ती जागा आजूबाजूच्या तपकिरी तळात फिकट, धुतल्यासारखी दिसते. तिला येथे ‘रेड’ म्हणतात. गंमत म्हणून नव्हे, तर कळकळीने सांगतो : खड्डा टाळला म्हणजे रेड टाळली, असे होत नाही. अंडी खड्ड्यात उरलेली नसतात. ती खड्ड्याच्या खालच्या अंगाला, प्रवाहाच्या दिशेने साचलेल्या खडीच्या उंचवट्यात असतात.

काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात डेट्रॉइटकडे राहणारा, मूळचा पुण्याचा एक तरुण माझ्याबरोबर एम-३७ महामार्गाच्या पुलाखालच्या, फक्त फ्लायने (पिसे-दोऱ्यांच्या कृत्रिम कीटकाने) मासेमारीसाठी राखलेल्या टप्प्यात आला होता. या टप्प्यात पकडलेला प्रत्येक मासा सोडावाच लागतो. उथळ पाण्यात दोन मोठे मासे दिसताच तो ओरडला, “काका, दोन आहेत, दोन!” मी थांब म्हणेपर्यंत तो निघालाही. खड्डा त्याने व्यवस्थित ओलांडला, पण त्याचे दोन्ही बूट नेमके उंचवट्यावर पडले. मी चार पावले खाली उभा होतो. खडीतून नारिंगी, वाटाण्याएवढी अंडी एकामागून एक उसळून माझ्या गुडघ्यांजवळून वाहत गेली आणि माझ्यामागे दबा धरून बसलेले छोटे ब्राउन ट्राउट ती टिपू लागले. मासे तर केव्हाच पळाले होते. त्या मुलाचा चेहरा उतरला. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. खडीतील अंड्यांना असे तुडवणे सोसत नाही. मोंटानामधील १९९२ च्या एका अभ्यासात, दिवसातून दोनदा माणूस चालून गेलेल्या खडीतील अंडी आणि पिल्ले ९६ टक्क्यांपर्यंत मेल्याचे आढळले होते.

माझी सवय सांगतो. पाण्यात उतरण्यापूर्वी मी पोलरॉइड चष्मा लावून काठावर पाच मिनिटे नुसता उभा राहतो. फिकट खडी दिसली की वळसा घालतो आणि नदी ओलांडायचीच असेल तर वाळूवरून किंवा मोठ्या दगडांवरून ओलांडतो. रेडवर बसलेल्या माशांवर मी फ्लाय टाकत नाही. समोर दिसणारा मासा म्हणजे सोपा मासा, हा नवशिक्यांचा आवडता शॉर्टकट आहे. पण अंड्यांवर बसलेल्या माशाला डिवचण्यात कौशल्य कसले? खालच्या खोल डोहात न दिसणारा मासा शोधा, वेळ लागू द्या.

दुसरी चूक घरी जाताना होते. ओले बूट आणि वेडर्स (पाण्यात उतरताना घालायची जलरोधक विजार) डिकीत कोंबायचे आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या नदीत तसेच उतरायचे. न्यूझीलंड मडस्नेल ही मोहरीपेक्षा थोडी मोठी गोगलगाय २०१५ मध्ये याच नदीत सापडली. तिची मादी नराशिवाय पिल्ले देते, म्हणून बुटाच्या लेसमध्ये अडकलेली एकच गोगलगाय नव्या नदीला पुरते. ट्राउटने तिला गिळले तरी कवचाचे झाकण मिटून ती पुष्कळदा जिवंत बाहेर पडते, म्हणजे माशाच्या पोटीही काही लागत नाही. मी काठावरच ब्रशने तळवे आणि लेस घासतो, बूट रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवतो आणि मग पूर्ण वाळवतो. घरच्यांनी आरंभी कुरकुर केली. आता फ्रीजरचा एक कप्पा बुटांचाच आहे. नमद्याचे (फेल्टचे) तळवे असलेले बूट मी वापरणे सोडले, कारण ते लवकर वाळत नाहीत.

बाकीच्या चुका थोडक्यात. पाणी चार-पाच अंशांवर असताना मासा फ्लायमागे धावत नाही, म्हणून स्टोनफ्लाय या कीटकाच्या पाण्यातील पिल्लासारखी (निम्फ) किंवा अंड्यासारखी फ्लाय तळालगत, प्रवाहाच्याच वेगाने जाऊ द्या. दोर ताणला गेला की फ्लाय अनैसर्गिक चालते. फार बारीक टिपेट (दोराच्या टोकाचा धागा) लावून माशाला अर्धा तास झुंजवू नका, दमलेला मासा सोडल्यावरही मरतो. काटा नसलेला गळ वापरा. हात ओले केल्याशिवाय माशाला स्पर्श करू नका. छायाचित्रासाठी त्याला गोठणाऱ्या हवेत उचलून धरू नका. जाळे पाण्यातच ठेवून छायाचित्र घ्या. वेडर्सचा पट्टा नेहमी घट्ट बांधा. सोडताना माशाचे तोंड प्रवाहाकडे करून त्याला हलके धरा आणि तो स्वतः शेपूट मारून हातातून निघेपर्यंत तसेच थांबा.