निर्गुडीच्या अर्काची चाचणी: सूज आणि वेदना वेगवेगळ्या तपासा

पानं फुलोऱ्यासकट गोळा करा आणि नमुना वनस्पतितज्ज्ञाकडून ओळखून घ्या. पर्णिका तीन की पाच एवढ्यावर विसंबू नका, कारण निर्गुडीच्या एकाच फांदीवर दोन्ही प्रकारची पानं सापडतात. पानं सावलीत वाळवून भरड दळा. १०० ग्रॅम पूड १ लिटर ७० टक्के इथेनॉलमध्ये ७२ तास भिजवा, अधूनमधून हलवा, गाळा आणि रोटरी इव्हॅपोरेटरवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) ४५ अंशांखाली आटवा. जास्त तापवलंत तर सुगंधी तेल उडून जातं. अर्क किती मिळाला ते टक्क्यांत लिहून ठेवा.

प्राण्यांवरच्या कामाआधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागतेच. आधी तीव्र विषारीपणा (मोठ्या मात्रेने लगेच दिसणारा) तपासा, मग मात्रा ठरवा. साधारणपणे १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम प्रतिकिलो अशा तीन मात्रा घेतात.

सुजेसाठी कॅराजीनन (सूज आणणारा, समुद्री शेवाळातला पदार्थ) वापरून चाचणी घ्या. १५० ते २०० ग्रॅमचे विस्टार रॅट (प्रयोगशाळेतले पांढरे मोठे उंदीर), गटात सहा. एका गटाला (नियंत्रण गट) फक्त ०.५ टक्के सीएमसी, म्हणजे औषध मिसळायचं निष्क्रिय घट्टसर द्रावण, एकाला तुलनेसाठी सूज उतरवणारं डायक्लोफिनॅक १० मिलिग्रॅम प्रतिकिलो, बाकीच्यांना सीएमसीत मिसळलेला अर्क, सगळं तोंडावाटे. तासाभराने मागच्या पायाच्या तळव्यात १ टक्का कॅराजीनन ०.१ मिली टोचा. घोट्यावर शाईची खूण आधीच करा आणि प्लेथिस्मोमीटरमध्ये (पाय द्रवात बुडवून त्याचं आकारमान मोजणाऱ्या उपकरणात) पाय दर वेळी त्या खुणेपर्यंतच बुडवा. बहुतेक चाचण्या इथेच फसतात: दोन-तीन मिलिमीटर कमीजास्त बुडालं की आकडा बदलतो आणि अर्काचा परिणाम त्यात हरवतो. मोजणाऱ्याला कोणता गट कोणता ते कळू देऊ नका.

मोजमाप टोचण्याआधी आणि नंतर १, २, ३, ४ तासांनी. सूज आणणाऱ्या शरीरातल्या रसायनांपैकी पहिल्या तास-दीड तासात हिस्टामिन आणि सेरोटोनिनचा भर असतो, पुढे प्रोस्टाग्लँडिनचा. म्हणून तिसऱ्या तासाचा आकडा सर्वांत बोलका. प्रत्येक प्राण्याच्या नंतरच्या आकड्यातून त्याचाच आधीचा आकडा वजा करा, ती त्याची वाढ. नियंत्रण गटात सरासरी वाढ ०.६० मिली आणि अर्काच्या गटात ०.३६ असेल, तर सूज ४० टक्के कमी झाली.

सूज उतरली म्हणजे वेदनाही कमी झाली, असं धरू नका. माइसवर (लहान उंदरांवर) पोटात ०.६ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल १० मिली प्रतिकिलो देऊन पाचव्या मिनिटापासून वीस मिनिटं पोटाचे आळोखेपिळोखे मोजा. त्याखेरीज ५५ अंशांवर हॉट प्लेट चाचणी घ्या, म्हणजे तापलेल्या पत्र्यावर ठेवल्यावर प्राणी पाय चाटायला किंवा उडी मारायला किती सेकंद लावतो ते मोजा, पण १५ सेकंदांना प्राणी उचलाच, नाहीतर पाय भाजतो. इथे तुलनेसाठी मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल वापरा, डायक्लोफिनॅकचा प्रभाव हॉट प्लेटवर फारसा दिसत नाही.

गुंगी आणणारा किंवा स्नायू सैल करणारा अर्कही आळोखेपिळोखे कमी करतो. त्याच मात्रेवर रोटारॉडवर (फिरत्या दांड्यावर तोल सांभाळण्याच्या चाचणीत) माउस नीट टिकला, तरच तो परिणाम वेदनाशामक धरावा.