किल्ल्यांची जुनी चित्र-पोस्टकार्डं जमवताय? या चुका टाळा

युरोपातल्या मध्ययुगीन किल्ल्यांची शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची पोस्टकार्डं आता डेलकॅम्प किंवा ईबे या संकेतस्थळांवरून घरबसल्या मागवता येतात. नव्या संग्राहकांचे पैसे जास्त करून एकाच गैरसमजापायी वाया जातात: टपालशिक्क्यावरची तारीख म्हणजेच कार्डाचं वय.

खरं तर एका कार्डाला तीन तारखा असतात. फोटो काढल्याची, कार्ड छापल्याची आणि ते टपालात टाकल्याची. या तिन्हींत वीस-वीस वर्षांचं अंतर सहज असू शकतं. पोस्टकार्डं काढणाऱ्या फ्रान्सिस फ्रिथच्या कंपनीने जुन्या काचेच्या निगेटिव्ह वर्षानुवर्षं वापरल्या. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या व्हॅलेंटाइन कंपनीच्या कार्डांवरचा क्रमांक फोटोच्या नोंदणीचा असतो, छपाईचा नव्हे. त्यामुळे विक्रेत्याने ‘१९१०’ लिहिलं असेल तर ती तारीख नेमकी कशाची, हे आधी विचारा.

‘दगडी किल्ला, तो काय बदलणार?’

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण फोटोचा काळ ठरवायला किल्ल्यासारखा दुसरा पुरावा नाही. उत्तर फ्रान्समधल्या कूसीचं उदाहरण घ्या. तेराव्या शतकातला तिथला मुख्य बुरूज सुमारे ५४ मीटर उंच होता. मार्च १९१७ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो सुरुंग लावून उडवला. म्हणजे फोटोत बुरूज उभा असेल तर फोटो त्याआधीचाच, मग शिक्का १९२० चा का असेना. युद्धानंतरच्या कार्डांवर त्याच जागी दगडांचा ढीग दिसतो. ही दोन्ही कार्डं शेजारी-शेजारी ठेवून पाहिली की मन विषण्ण होतं, आणि हा छंद नुसता चित्रं गोळा करण्याचा नाही हेही कळतं.

आज फ्रान्समध्ये असलेल्या अल्सेसमधल्या होहक्योनिग्सबुर्गचं नेमकं उलट झालं. १६३३ पासून पडीक असलेला हा किल्ला कैसर दुसरा विल्हेल्म याच्यासाठी बोडो एबहार्टने १९०० ते १९०८ या काळात पुन्हा उभारला. छप्पर नसलेल्या भिंती, मग बांधकामाच्या परांच्या, मग पूर्ण किल्ला, असे टप्पे फोटोंत ओळखता येतात. अल्सेस १९१८ पर्यंत जर्मनीकडे असल्याने जुन्या कार्डांवरची ओळ बहुधा जर्मनमध्ये असते, पुढच्या काळात ती फ्रेंच होते. शोधताना जर्मन आणि फ्रेंच दोन्ही नावं टाका. वेल्सच्या किल्ल्यांचंही तसंच: आजचे कॉनवी आणि कर्नारव्हन जुन्या कार्डांवर ‘कॉनवे’ आणि ‘कार्नार्व्हन’ म्हणून सापडतात. स्कॉटलंडचा आयलन डोनन १७१९ मध्ये उद्ध्वस्त झाला आणि त्याची पुनर्बांधणी १९३२ मध्ये पूर्ण झाली. कमानींचा पूल आणि अख्खा किल्ला दिसत असेल, तर ते कार्ड सातव्या एडवर्डच्या काळातलं (१९०१–१९१०) म्हणून घेऊ नका.

बव्हेरियाचा नॉयश्वानस्टाइन मध्ययुगीन नाहीच. त्याची पायाभरणी १८६९ ची.

मागची बाजू न पाहता खरेदी

विक्रेत्याने फक्त चित्राची बाजू दाखवली असेल तर मागच्या बाजूचा फोटो मागून घ्या. ब्रिटनमध्ये १९०२ पर्यंत मागे फक्त पत्ता लिहायची मुभा होती. मजकूर आणि पत्त्याच्या जागा वेगळ्या करणारी मधली उभी रेघ त्या वर्षी आली. फ्रान्समध्ये ती १९०४ च्या सुमारास आली, जर्मनीत १९०५ मध्ये. रेघ असेल तर ब्रिटिश कार्ड १९०२ च्या आधीचं नाही, हे नक्की. रेघ नसेल तर मात्र ते जुनंच असेल असं नाही, कारण छापून ठेवलेला साठा पुढेही खपत होता. तिकिटाच्या चौकोनात देशांतर्गत टपालाचा दर अर्धा पेनी छापलेला असेल तर छपाई जून १९१८ पूर्वीची धरा. तेव्हा दर एक पेनी झाला.

मागे फक्त पत्ता लिहायच्या नियमामुळे जुन्या कार्डांवर मजकूर चित्राच्या कडेला लिहिलेला असतो. ‘चित्र खराब केलंय’ म्हणून अशी कार्डं नाकारू नका. आणि मागचं तिकीट सोडवून वेगळं काढू नका. अर्ध्या पेनीचं हिरवं तिकीट एकटं फारसं मोलाचं नसतं, पण ते काढलं की कार्डाचं मोल उतरतं.

नवी प्रत जुन्या भावात

दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा. फोटोच्या कागदावरच काढलेल्या खऱ्या फोटो-कार्डात ठिपके दिसत नाहीत, छटा सलग असतात आणि गडद भागावर कधी कधी चंदेरी झाक येते. निळे, किरमिजी, पिवळे आणि काळे ठिपके ओळीने दिसले तर ती बहुधा अलीकडची छपाई. अतिनील टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चमकला तर बहुधा तो १९५० नंतरचा. मापही पाहा: जुनं कार्ड साधारण ९ बाय १४ सेंटिमीटर असतं, हल्लीचं त्याहून मोठं.

घरी आल्यावर

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात निम्मं नुकसान इथेच होतं. चिकट पानांचे फोटो अल्बम, पीव्हीसीचे वास येणारे कप्पे, सेलोटेप आणि लॅमिनेशन, यांतलं काहीही नको. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं वापरा आणि कार्डं उभी ठेवा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात तर त्या वेळच्या वेळी बदला. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळा. ओल तिथूनच येते.

बुरशी दिसली तर ते कार्ड आधी बाकीच्यांपासून वेगळं करा, कोरड्या हवेत ठेवा आणि मऊ ब्रशने घराबाहेर झटका, तोंडावर मास्क लावून. ओलं फडकं फिरवू नका. फोटो-कार्डावरचा जिलेटिनचा थर पाण्याने फुगतो आणि मग कशालाही चिकटतो. वाकलेल्या कार्डावर इस्त्री नको. दोन टिपकागदांत घालून वजनाखाली काही दिवस राहू द्या. जुन्या अल्बमच्या पानाला चिकटलेलं कार्ड ओढू नका. कार्ड आणि पान यांच्यामधून डेंटल फ्लॉस हलक्या हाताने करवतीसारखा फिरवा. तरीही सुटलं नाही, तर कार्डाभोवतीचं पान कापून घ्या आणि तसंच पाकिटात ठेवा.