पोरगं ऐकेना? ऑनलाइन पालकत्व कोर्स असा करा

रात्री जागून रील्स बघण्यापेक्षा एकच कोर्स धरा आणि तो पुरा करा. येल विद्यापीठाच्या ॲलन काझदिन यांचा ‘एव्हरीडे पॅरेंटिंग’ कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवर आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात तयार झालेल्या ‘ट्रिपल पी’ या पालकत्व कार्यक्रमाच्या ऑनलाइन कोर्सचे 8 भाग आहेत. इंग्रजी जड जात असेल तर नवराबायकोने मिळून बघा. आठवड्याला एक भाग बास.

आता वही काढा. ‘लई हट्टी आहे’ असं लिहून काही हाती लागत नाही. ‘रंकाळ्यावरून घरी चल म्हटलं की लोळण घेतो’ असं लिहा. एका वेळी एकच सवय. तीन रकाने पाडा: आधी काय झालं, त्याने काय केलं, मग आपण काय केलं. आठवडाभर भरा. गोम बहुतेक वेळा तिसऱ्या रकान्यात सापडते: लोळण घेतली की भेळ मिळते, नाहीतर मोबाइल.

पुढची पायरी लोकांना पोरखेळ वाटते, पण माझ्या मते सगळ्यात कामाची हीच. घरी, सगळे खुशीत असताना, ‘निघायचा खेळ’ खेळा. “हे खोटं खोटं हं. मी चल म्हणणार, तू रडायचं नाहीस, चप्पल घालायची.” घातली की लगेच, जवळ जाऊन, पाठीवर हात ठेवून म्हणा, “पहिल्या हाकेला चप्पल घातलीस, शाब्बास!” नुसतं ‘गुड बॉय’ नको, काय चांगलं केलं ते सांगा. रोज एकदोनदा खेळा, मग रंकाळ्यावर जा.

तिथे रडलाच तर भेळही नाही आणि भाषणही नाही. सुरुवातीला रडणं वाढतं. तेव्हाच ढिलं सोडलं तर जास्त रडलं की मिळतं, हे तो शिकतो. मारामारी किंवा रस्त्यावर धावणं मात्र तिथल्या तिथे थांबवा.

आजीआजोबांना व्हिडिओ दाखवत बसू नका, वही दाखवा. आणि कोर्स बघताना पोराच्या हातात दुसरा फोन देऊ नका. 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला तासभर स्क्रीन पुष्कळ झाली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हाक मारल्यावर बघत नसेल, बोलणं मागे पडलं असेल, तर कोर्सवर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, किंवा अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या सरकारी पथकाला सांगा. तुमचाच जीव मेटाकुटीला आला असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे.