मुलाला विचारलंय, मुलालाच बोलू द्या

एकवीस वर्षं मी पहिलीला शिकवतेय. दर जूनमध्ये हजेरी घेताना दोन-तीन मुलं अशी असतातच, की ‘हजर’ म्हणायचं सोडून हात वर करतात, तोही खांद्यापर्यंतच.

मागच्या वर्षी अशाच एका मुलीला शाळा सुटल्यावर विचारलं, "आज डब्यात काय होतं गं?" तिनं वर आईकडे पाहिलं. आई लगेच म्हणाली, "बटाट्याची भाजी, बाई." म्हणजे लेकीला तोंड उघडायची गरजच उरली नाही. काही घरांत याच्या उलट असतं. वडील दरडावतात, "बोल की! मिठाची गुळणी धरलीस का?" तिथं मूल चुकायला घाबरतं. एक अतिकाळजी, एक धाक. माझ्या वर्गात मात्र दोन्ही मुलं गप्पच.

स्वतःला दोष देत बसू नका. काही मुलं मुळातच बुजरी असतात. जेरोम कागन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला चार महिन्यांच्या बाळांतही हा फरक दिसला होता: साधारण पाचातलं एक बाळ नवं काही समोर आलं की फार अस्वस्थ व्हायचं. पण त्यातली सगळीच काही पुढे लाजरी झाली नाहीत.

म्हणून आधी हे करा. प्रश्न मुलाला असेल तर मनात दहापर्यंत आकडे मोजा आणि गप्प राहा. त्या आईलाही मी हेच सांगितलं. पुढच्या खेपेला तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. मुलगी वेणीची रिबीन बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली, आणि मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "उसळ."

मग दुकान. दुपारी गर्दी नसताना जा. ‘काका, पाव किलो साखर द्या’ हे घरी एकदा म्हणून घ्या, दुकानात तुम्ही दोन पावलं मागे थांबा. पहिल्या दिवशी नुसते पैसे पुढे केले तरी चालेल. रविवारी वर्गातलं एकच मूल खेळायला बोलवा, घोळका नको. पाहुण्यांपुढे कविता म्हणायला लावू नका. आणि मुलाच्या देखत ‘आमचा लाजाळूच आहे हो’ हे तर कधीच नको. मुलं ते खरं मानतात.

घरी भरपूर बडबड, पण शाळेत पहिला महिना उलटून गेल्यावरही कित्येक आठवडे एक शब्दही नसेल, तर वाट पाहू नका. वर्गशिक्षिकेशी बोला आणि बालमानसतज्ज्ञांना दाखवा. जाताना मुलाचा घरातल्या गप्पांचा एखादा व्हिडिओ मोबाइलमध्ये घेऊन जा.